प्रयोगशाळेतलं रासायनिक वेस्ट: भांडं कोणतं, किती भरायचं आणि कशात काय टाकायचं नाही

प्रश्न असा आहे: प्रयोगशाळेतली टाकाऊ सॉल्व्हेंट (पदार्थ विरघळवण्याचे द्रव), ॲसिडं आणि धातूंच्या क्षारांची द्रावणं रिकाम्या झालेल्या अडीच लिटरच्या बाटल्यांत साठवली जातात. एका बाटलीचं झाकण रात्रीतून उडालं, एक प्लास्टिकचा कॅन फुगला. भांडी कोणती घ्यावीत, किती भरावीत, काय कशात मिसळू नये, आणि वेस्ट उचललं जाईपर्यंत ते ठेवायचं कुठे?

आधी झाकण का उडालं ते बघू, कारण बाकीचे नियम तिथूनच निघतात. वेस्टची बाटली म्हणजे कचराकुंडी असं धरून आपण तिच्यात ओतत राहतो. खरं तर आत रसायनं एकमेकांशी अभिक्रिया करतच असतात. फरक एवढाच की तिथे ढवळणं नाही, तापमान मोजणं नाही, झाकण मात्र घट्ट लावलेलं आणि आत नेमकं काय आहे हे कुणालाच पुरतं माहीत नाही. प्रयोग करताना जी काळजी आपण सहज घेतो, त्यातली एकही इथे घेतली जात नाही.

दाब वाढण्याचं सर्वांत साधं कारण तापमान. ॲसिटोन दर अंशाला सुमारे 0.14 टक्के प्रसरण पावतं. अडीच लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली आणि खोली सकाळपासून दुपारपर्यंत 15 अंशांनी तापली, तर द्रव 50 मिलिलिटरच्या आसपास वाढतो. त्याला जागाच नसेल तर झाकण तरी सैल होतं, नाहीतर काच तडकते. डायक्लोरोमिथेन 40 अंशांना आणि डायइथिल इथर 35 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उन्हाच्या खिडकीजवळ ठेवलेल्या बाटलीत वाफेचा दाब त्यावर आणखी चढतो. म्हणून कोणतंही भांडं 90 टक्क्यांपेक्षा जास्त भरायचं नाही. कमी उत्कलनबिंदूची सॉल्व्हेंट असतील तर 80 टक्क्यांवर थांबा. नवीन भांडं वापरात घेतानाच बाहेरून त्या पातळीवर रेघ मारून ठेवा. ओतताना घाईत अंदाज हमखास चुकतो, रेघ चुकत नाही.

पण झाकण उडवणारं खरं कारण बहुतेक वेळा वायू असतो, आणि तो किती थोड्या पदार्थातून किती निघतो याचा अंदाज नसतो. 30 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं पूर्ण विघटन झालं तर एका लिटरमधून 100 लिटरहून अधिक ऑक्सिजन सुटतो. म्हणजे कुणी उरलेलं 50 मिलिलिटर वेस्टच्या बाटलीत ओतलं आणि त्यात आधीच हे विघटन वेगाने घडवणारे लोहाचे किंवा तांब्याचे आयन असले, तर 5 लिटर वायू तयार होणार. बाटलीत वर मोकळी जागा पाव लिटर. हिशेब केला तर 20 वातावरणाइतका दाब होतो, आणि साधी काचेची बाटली त्याच्या कितीतरी आधी फुटते. सोडियम बायकार्बोनेटचंही तसंच. निष्कर्षणानंतर (पदार्थ एका द्रवातून दुसऱ्यात ओढून घेतल्यावर) उरलेल्या जलीय, म्हणजे पाण्याच्या थरात जेमतेम 10 ग्रॅम बायकार्बोनेट असेल आणि तो थर आम्लाच्या बाटलीत गेला, तर जवळपास 3 लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. संहत (पाणी फार कमी असलेलं) फॉर्मिक ॲसिड तर कशाशीही न मिसळता नुसतं ठेवल्यावरही हळूहळू विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड सोडतं. त्याचं झाकण दाब बाहेर जाऊ देणाऱ्या प्रकारचंच हवं.

सगळ्यांत जास्त बाटल्या फोडणारी जोडी मात्र एकच: नायट्रिक ॲसिड आणि कोणतंही सेंद्रिय सॉल्व्हेंट. इथेनॉल, आयसोप्रोपेनॉल, ॲसिटोन, काहीही. ही जोडी फसवी आहे. मिसळल्याबरोबर बहुधा काहीच दिसत नाही. द्रावण किंचित कोमट होतं, माणूस झाकण लावून घरी जातो. ऑक्सिडेशन मंद सुरू होतं, तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड ते आणखी वेगाने ढकलतात, उष्णता साठत जाते आणि काही तासांनी सगळं एकदम होतं. म्हणूनच “थोडंसं बीकरमध्ये मिसळून बघितलं, काही झालं नाही” हा पुरावा धरू नका. तशी चाचणी जरूर करा: फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटात), काच खाली ओढून, दोन्हींचे 10–10 मिलिलिटर घ्या, थर्मामीटर ठेवा, 10 मिनिटं तापमान, बुडबुडे आणि रंग बघा. काही झालं तर मिसळायचं नाही हे पक्कं कळतं. काही झालं नाही तर फारसं काहीच कळत नाही.

नायट्रिकच्या बाबतीत दोष पुष्कळदा ओतणाऱ्याच्या आधीच घडलेला असतो. मिथेनॉलची किंवा आयसोप्रोपेनॉलची रिकामी बाटली न धुता नायट्रिक वेस्टसाठी घेतली जाते. तळाशी काही मिलिलिटर सॉल्व्हेंट उरलेलंच असतं, आणि अपघाताला तेवढं पुरतं. जुनी बाटली वापरायचीच असेल तर ती तीन वेळा धुवा (पहिलं धुवण हेही वेस्टच आहे, ते सिंकमध्ये जात नाही), पूर्ण सुकवा आणि जुनं लेबल खरवडून काढा, नुसती फुली मारू नका. नायट्रिकसाठी तर मी म्हणेन जुनी सॉल्व्हेंटची बाटली घेऊच नका. त्याची बाटली वेगळी, ट्रे वेगळा, झाकण दाब सोडणारं. पिरान्हा द्रावण, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, तर ताजं असताना कोणत्याच बाटलीत भरायचं नाही. ते काचेच्या उघड्या बीकरमध्ये हूडखाली, वर ठळक लेबल लावून, किमान एक दिवस थंड आणि शांत होऊ द्यायचं. त्यानंतरच ते दाब सोडणाऱ्या झाकणाच्या, स्वतःच्याच बाटलीत जाईल.

आता भांड्याचा प्रश्न. रोजच्या बहुतेक जलीय वेस्टला आणि अल्कोहोल, ॲसिटोनसारख्या सॉल्व्हेंटला जाड एचडीपीईचा (उच्च घनतेच्या पॉलिथिन प्लास्टिकचा) कॅन चांगला. पडला तर फुटत नाही, आम्ल-अल्कलीला दाद देत नाही. पण तो सगळ्याला चालतो हा समज चुकीचा आहे. टोल्युईन, हेक्झेन, डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म यांनी एचडीपीई मऊ पडतं, फुगतं आणि महिनोन्‌महिने ठेवलं तर वाफ भिंतीतून झिरपते. कॅन बाहेरून कोरडा असतानाही कपाट उघडल्यावर वास येतो तो त्यामुळेच. क्लोरीनयुक्त सॉल्व्हेंटला काच बरी, त्यातही बाहेरून प्लास्टिकचा थर असलेली. संहत नायट्रिक ॲसिड एचडीपीईला हळूहळू ठिसूळ करतं, त्यालाही काच. याउलट हायड्रोफ्लोरिक ॲसिड काचच खातं. फ्लोराइड असलेलं कोणतंही आम्लयुक्त वेस्ट प्लास्टिकमध्येच ठेवायचं. धातूच्या डब्यात आम्ल नाही, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात हॅलोजनयुक्त सॉल्व्हेंट अजिबात नाही, ती अभिक्रिया स्फोटक होऊ शकते. झाकणाच्या आतलं अस्तरही बघा. बाटली योग्य आणि अस्तर रबराचं असेल तर क्लोरोफॉर्म आधी अस्तर खातं, मग झाकण घट्ट लावूनही गळतं. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलं की काळजी नाही.

आकार मोठा घेण्याचा मोह टाळा. काचेची बाटली 4 लिटरपेक्षा मोठी नको. कॅन 10 लिटरचा पुरे; एका माणसाला तो दोन्ही हातांनी सुरक्षित उचलता येतो. शिवाय भांडं जितकं मोठं, तितकं ते जास्त दिवस उघडं-बंद होत राहतं आणि जास्त हातांची त्यात भर पडत जाते.

वेगवेगळ्या बाटल्या किती ठेवायच्या? जिथे सेंद्रिय रसायनशास्त्राचं काम चालतं तिथे हॅलोजनविरहित सॉल्व्हेंट आणि हॅलोजनयुक्त (क्लोरीन, ब्रोमीनसारखी मूलद्रव्यं असलेली) सॉल्व्हेंट या दोन वेगळ्या हव्यातच. दोन्ही शेवटी भट्टीतच जाळली जातात, पण हॅलोजन असलं की जळताना हायड्रोजन क्लोराइडसारखे आम्ल वायू निघतात, ते धुवून काढणारी यंत्रणा लागते आणि खर्च वाढतो. 10 लिटर हेक्झेनमध्ये 100 मिलिलिटर क्लोरोफॉर्म पडलं की तो सगळा कॅन हॅलोजनयुक्त झाला. पाण्याचा अंश जास्त असलेलं वेस्ट त्यांत ओतू नका, ते जळत नाही. त्याशिवाय आम्लधर्मी जलीय, अल्कलीधर्मी जलीय, जड धातूंची द्रावणं, ऑक्सिडायझर (दुसऱ्या पदार्थांना पेटायला मदत करणारी रसायनं), आणि पारा असेल तर पारा एकटा.

या बाटल्यांमधल्या काही जोड्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत, कारण त्या “एकाच प्रकारच्या” वेस्टमध्येच भेटतात. क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन दोन्ही हॅलोजनयुक्त बाटलीत जातात आणि एरवी शांत राहतात. पण काचसामान धुण्याच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या अल्कोहोली द्रावणाचं थोडं धुवण त्यात पडलं, की अल्कलीच्या सोबतीने जोरात उष्णता सुटते. सोडियम अझाइड आम्लात गेलं तर हायड्रॅझोइक ॲसिड तयार होतं, जे विषारी तर आहेच, स्फोटकही आहे. आणि डायक्लोरोमिथेनबरोबर राहिलं तर डायअझाइडोमिथेन, तेही स्फोटक. म्हणून अझाइडचं वेस्ट अल्कलीधर्मी ठेवून स्वतंत्र प्लास्टिकच्या बाटलीत, झाकणात धातू नाही, आणि सिंकमध्ये तर नाहीच, कारण तांब्या-शिशाच्या नळांत धातूंचे अझाइड साठतात. सायनाइड आणि सल्फाइड आम्लापासून दूर. सायनाइडच्या बाटलीचा पीएच 11 च्या वर आहे ना हे दर वेळी भर टाकताना पीएच पेपरने तपासा.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत एक चूक सवयीने होते. सांडलेलं किंवा उरलेलं काहीही ब्लीच टाकून निर्जंतुक करायचं ही शिकवण पक्की असते. पण आरएनए-डीएनए काढण्याच्या बऱ्याच किटमध्ये ग्वानिडिन थायोसायनेट असतं. त्यावर ब्लीच पडलं की हायड्रोजन सायनाइड आणि सायनोजन क्लोराइडसारखे विषारी वायू निघू शकतात. फिनॉल-क्लोरोफॉर्मच्या द्रावणांवरही ब्लीच नाही. किटच्या वेस्टसाठी वेगळी बाटली ठेवा आणि तिच्यावर “ब्लीच घालू नये” असं मोठ्या अक्षरांत लिहा.

काही गोष्टी साठवायच्याच नसतात. टॉलेन्स अभिकर्मक (अल्डिहाइड ओळखायला वापरतात ते चांदीचं अमोनियायुक्त द्रावण) ठेवून दिला तर त्यात चांदीची स्फोटक संयुगं तयार होतात; प्रयोग झाल्यावर लगेच सौम्य आम्ल घालून तो मोडायचा आणि मगच चांदीच्या वेस्टमध्ये टाकायचा. सोडियम, हायड्राइड, ब्युटाइललिथियम अशा पाण्याशी जोरात अभिक्रिया करणाऱ्या रसायनांचे अवशेष आधी हूडमध्ये सावकाश निष्क्रिय करायचे. बुडबुडे थांबल्यासारखे दिसले तरी घट्ट झाकणाच्या बाटलीत त्याच दिवशी भरू नका, हायड्रोजन हळूहळू येत राहतो. आणि गरम द्रव कधीच ओतू नका. थंड झाल्यावर वाफ आकसते, कॅन आत ओढला जाऊन चेपतो आणि त्याची शिवण कमजोर होते.

इथर, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान), डायॉक्सेन यांचं वेस्ट जुनं होईल तसं धोकादायक होत जातं. हवेच्या संपर्कात त्यात स्फोटक पेरॉक्साइड बनत राहतात आणि बाटली उघडी राहून सॉल्व्हेंट उडालं की ते आणखी संहत होतात. आयसोप्रोपिल इथर यात सर्वांत वाईट. उघडल्यापासून 3 महिन्यांच्या आत ते बाहेर गेलं पाहिजे. डायइथिल इथर आणि टीएचएफसाठी 6 ते 12 महिने ही कमाल मुदत. पेरॉक्साइड पट्टीवर 100 पीपीएमच्या (दशलक्षात 100 भागांच्या) वर आलं तर ती बाटली नेहमीच्या वेस्टमध्ये न देता वेगळी कळवा. झाकणाच्या कडेला किंवा तळाशी स्फटिक दिसले तर पट्टी वगैरे काही नको, बाटलीला हात लावू नका आणि झाकण फिरवू नका. कोरडं पडलेलं पिक्रिक ॲसिडही असंच स्फोटक.

झाकणाबद्दल एक स्पष्ट करतो. प्रत्यक्ष ओतत असतानाची वेळ सोडली तर भांडं बंदच हवं. नरसाळं तसंच खोचून ठेवलेलं भांडं हे उघडं भांडं आहे. पॅराफिल्म (ताणून बसवायची मेणकट पट्टी) आणि ॲल्युमिनियम फॉइल ही झाकणं नव्हेत. दर वेळी नरसाळं काढणं जमत नसेल तर झाकण असलेलं, चाप बसणारं नरसाळं मिळतं, ते बसवा. बंद ठेवायचं आणि वायूही सुटू द्यायचा, हे दोन्ही साधायचं असेल तर दाब सोडणारं झाकण लावा. नेहमीचं झाकण अर्धवट सैल ठेवणं हा मधला मार्ग वाटतो, पण आडवं पडलं की ते सगळं सांडतं, आणि दुसरा कुणी येऊन सवयीने ते घट्ट करतो.

एचपीएलसीच्या (द्रव मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) खाली ठेवलेला कॅन हे याचंच उदाहरण. झाकणाला भोक पाडून नळी खुपसलेली असते आणि ॲसिटोनायट्राइलची वाफ टेबलाखालून दिवसभर येत राहते. नळ्यांसाठी छिद्रं आणि कोळशाचा फिल्टर असलेलं झाकण लावा, आणि उत्पादकाने दिलेल्या मुदतीत फिल्टर बदला. रात्रभराचं काम लावण्याआधी हिशेब करा: मिनिटाला 1 मिलिलिटर प्रवाह असेल तर 16 तासांत 960 मिलिलिटर जमा होतात. कॅनमध्ये लिटरभर जागा नसेल तर आधी कॅन बदला.

लेबल लावायचं ते भांडं रिकामं असताना, पहिला थेंब पडण्याआधी. त्यावर “घातक वेस्ट” हे शब्द, सगळ्या घटकांची पूर्ण नावं आणि अंदाजे टक्केवारी, पाणीसुद्धा धरून, बेरीज 100 येईल अशी, धोक्याचा प्रकार, भरायला सुरुवात केल्याची तारीख, प्रयोगशाळा आणि जबाबदार व्यक्ती. सूत्रं आणि आद्याक्षरं नकोत. सांडलं तर धावून येणाऱ्या अग्निशामक जवानाला “डीसीएम” (डायक्लोरोमिथेन) म्हणजे काय ते कळायचं कारण नाही. “सॉल्व्हेंट वेस्ट” एवढंच लिहिलेली बाटली उचलणाऱ्याच्या दृष्टीने अज्ञातच असते. मार्करची शाई ॲसिटोनच्या एका ओघळाने जाते. पेन्सिलीने लिहा आणि वरून पारदर्शक टेप लावा. मानेला एक कागद बांधा, ज्यात प्रत्येक वेळी तारीख, काय, किती आणि कुणी ओतलं याची नोंद होईल. टक्केवारी शेवटी आठवून लिहायची वेळ आली की ती हमखास काल्पनिक असते.

ठेवायची जागा: हूडमध्ये कायमची नाही, कारण तिथे प्रयोग चालतात आणि एखादा भडका उडाला तर वेस्ट त्यात भर घालेल. वायुवीजन असलेलं, ज्वलनशील द्रवांसाठीचं कपाट घ्या. साधा फ्रिज नको, त्याच्या आतल्या स्विचच्या ठिणगीने वाफ पेटते. जड भांडी सर्वांत खाली, कोणताही द्रव डोळ्यांच्या उंचीच्या वर नाही, सिंक किंवा ड्रेनच्या शेजारी नाही. प्रत्येक भांड्याखाली प्लास्टिकचा खोलगट ट्रे, त्यात सर्वांत मोठं भांडं पूर्ण सांडलं तरी मावून वर 10 टक्के जागा उरेल एवढा. 4 लिटरची बाटली असेल तर ट्रे किमान 4.4 लिटरचा. आम्ल आणि अल्कली एकाच कपाटात ठेवावीच लागली तरी ट्रे वेगळे. एकाच ट्रेमध्ये दोन्ही ठेवली तर सांडल्यावर तो ट्रेच त्यांना एकत्र आणतो.

घन वेस्टकडे दुर्लक्ष होतं. पॅलेडियम-कार्बनसारखा उत्प्रेरक गाळणकागदावर सुकला की सॉल्व्हेंटच्या वाफेत स्वतःहून पेट घेतो. त्याला पाण्याने ओला ठेवून वेगळ्या बंद बरणीत टाका. ऑक्सिडायझर पुसलेला कागद साध्या कचऱ्यात नको. शोषक कोणता वापरता याला किती महत्त्व आहे ते 2014 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या भूमिगत अणुकचरा साठ्यात दिसलं: नायट्रेट क्षारांच्या पिंपात मातीऐवजी गव्हापासून बनवलेला सेंद्रिय शोषक घातला गेला होता. ते पिंप आतून तापलं, फुटलं, किरणोत्सर्ग बाहेर आला आणि तो साठा सुमारे तीन वर्षं बंद राहिला. नायट्रेट, परक्लोरेट, परमँगॅनेट सांडलं तर लाकडाचा भुसा किंवा टिश्यू नाही, खनिज शोषक.

आता तो फुगलेला कॅन. तो अजून तिथेच असेल तर पहिलं काम तो उघडणं हे नाही. दुरूनच बघा: हात न लावताही कॅनची ऊब जाणवते का, आत बुडबुडे किंवा तपकिरी वाफ दिसते का, फसफसल्याचा आवाज ऐकू येतो का. यांतलं एकही असेल, किंवा भांडं काचेचं असेल, तर हात लावू नका. ते हूडमध्ये असेल तर काच पूर्ण खाली ओढा, सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा आणि सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवा. नोंदीचा कागद सहज हाताशी असेल तरच सोबत घ्या. आत काय आहे हे सांगता आलं तर येणाऱ्याचं काम अर्धं होतं. कॅन थंड असेल, आतलं माहीत असेल आणि फुगवटा वाढत नसेल, तर प्रशिक्षित व्यक्तीने हूडमध्ये, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड आणि आतल्या रसायनाला टिकणारे जाड हातमोजे घालून झाकण अगदी थोडं फिरवून दाब सोडावा. पातळ नायट्राइल हातमोजे इथे पुरत नाहीत, डायक्लोरोमिथेन त्यांतून काही मिनिटांतच आरपार जातं. दाब गेल्यावर ते झाकण पुन्हा घट्ट लावू नका, दाब सोडणारं झाकण बसवा. त्या कॅनमध्ये यापुढे काहीही ओतायचं नाही. लेबलवर “दाब निर्माण होतो” असं लिहून, उचलणाऱ्यांना आधी फोनवर सांगून, तो वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा.